सवच्या डबीतलं नाणं

…तर चांदीचा पाळणा बोलले होते मी देवीला. तू खा गं, पोहे गार होतायत — पहिल्या पाळीवरून थेट इकडे आलीस, दुपारी काय खाल्लं असशील ते चेहऱ्यावर दिसतंय. हां, तर पाळणा. आमचा निषाद तीन वर्षांचा, सतरा दिवस ताप उतरेना, आणि मी दवाखान्याच्या व्हरांड्यात उभी राहून माहेरच्या, कापडे गावच्या देवीला म्हटलं — बाई, पोर उठून बसू दे, अंगठ्याएवढा का होईना, चांदीचा पाळणा बांधीन तुझ्या दारात. अठराव्या दिवशी पोराने वरणभात मागितला. म्हणजे तिने तिचं केलं. आम्ही काय केलं? तेच सांगतेय, उगीच जुनं उगाळत नाही. आत्ता तू माझ्यासमोर ही दोन नाणी ठेवलीस ना, एक निषादचं आणि एक तू तसंच करून आणलेलं, तेव्हा मला पहिल्यांदा तो पाळणाच आठवला.

रागावले नाही गं अपेक्षा मी. म्हणजे रागावलेय, पण तुझ्यावर नाही. कुणावर ते मलाच कळत नाही, म्हणून तर जीव वैतागलाय. हा तुमचा खेळ, काय ते जिओकॅशिंग, समजायला मला वर्ष लागलं. मोबाईल खूण दाखवतो, तिथे जायचं, कुणीतरी लपवलेली डबी शोधायची, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि डबी होती तिथे ठेवून यायचं. आमचे हे म्हणाले, ठेवूनच यायचं तर शोधायची कशाला? पण नाण्याचं मला लगेच कळलं. डबीत नाणं असलं तर उचलायचं, आपल्या वाटेवरच्या पुढच्या डबीत सोडायचं, त्याच्यावरचा नंबर मोबाईलवर चढवायचा, म्हणजे ज्याचं नाणं त्याला घरबसल्या दिसतं कुठवर पोचलं ते. यात न कळण्यासारखं काय आहे? शिमग्याला पालखी अशीच फिरते की, एकाच्या खांद्यावरून दुसऱ्याच्या. कुणी म्हणतं का, माझ्या घरी आली, आता इथेच ठेवून घेतो?

निषादने हे नाणं नॉर्वेहून मित्राच्या हाती पाठवलं. सोबत चिठ्ठी — आई, सव गावी गरम पाण्याच्या कुंडामागे डबी आहे, तिच्यात हे सोड. माणसांच्या हातून हातून माझ्यापर्यंत आलं की त्याच दिवशी तिकीट काढतो. पाच वर्षं झाली त्याला येऊन. भांडण नाही, तंटा नाही. रविवारी फोन येतो, तो विचारतो जेवलीस का, मी विचारते जेवलास का, झालं. नुसता येत नाही. हे म्हणतात, थट्टेने लिहिलंय त्याने, तू काय धरून बसलीस. असू दे थट्टेने. बोललेला शब्द थट्टेत बोलला तरी बोललेलाच असतो. कुरिअरने पाठव म्हणाले, आठवड्यात पोचेल. पण त्याने हातोहात म्हटलंय ना — नवसात पळवाट काढली की तो नवस राहत नाही, नुसता हिशेब राहतो.

आणि ते फडक्याचं — हो, माझीच चूक, हस, मीही हसले, जरा नंतर हसले. दसऱ्याला गेले सवला, नाण्याला हळदकुंकू लावलं, सुपारी ठेवली, लाल खणात बांधून दोरा गुंडाळला. लांबच्या प्रवासाला निघालेल्याला आपण तसंच पाठवतो ना? मला काय ठाऊक लोक काय समजतील. आणि तुझ्या त्या डबीवाल्यांनी लिहिलं काय — 'आत भानामतीचा प्रकार आहे, हात लावला नाही.' दुसरा त्याच्यावर ताण, 'सही केली आणि आंघोळ करून घरी आलो.' पाच महिने, अपेक्षा. रोज पूजा झाली की चष्मा लावून मोबाईल बघायचा — नाणं कुठे आहे, तर सव. आज कुठे, तर सव. मला वाटायचं मोबाईलचंच काहीतरी बिघडलंय. होळीनंतर तू डबी झाडायला गेलीस, आतली वही वाचलीस म्हणून कळलं, नाहीतर अजून मी देवीलाच बोल लावत बसले असते.

बरं, आता तुझं. तू म्हणतेस, काकू, अस्सल सोडूच नका, अस्सल कपाटात ठेवा, मी केलेली नक्कल सोडा, नंबर तोच आहे, मोबाईलवर प्रवास तसाच दिसेल. तुझं पहिलं नाणं वीस दिवसांत कुणीतरी खिशात घातलं, पुन्हा दिसलंच नाही, तू रडलीस — सांगितलंस मला. तेव्हापासून तू नकलाच सोडतेस. बरोबर आहे तुझं. यांनाही पटलं, लगेच म्हणाले, पोरगी शहाणी आहे. बरोबर आहे म्हणूनच माझी चिडचिड होतेय, चूक असतं तर मी तुला दोन शब्दांत गप्प केलं असतं. पण हे हातात घेऊन बघ. हे, तुझं. बिस्किटाच्या पुड्यातून निघालेल्या बक्षिसासारखं लागतं गं. आणि पाठीमागे 'नक्कल' म्हणून कोरलंयस, तुझा प्रामाणिकपणा आहे तो, मान्य. पण मला खरं सांग, तुझी ती पोलादपूरच्या डबीतली नक्कल, तिचं काय झालं? तूच म्हणालीस ना मघाशी, बोलता बोलता? आठ महिने पडून आहे. माणसं येतात, बघतात, नकलीच आहे म्हणून तिथेच टाकून जातात. अस्सल असलं तर चोरतात, नक्कल असली तर उचलत नाहीत. मग काय करायचं माणसाने?

तर पाळणा. सोनाराकडून आला, इतका सुबक, साखळ्यासुद्धा केसासारख्या. आणि सासूबाई म्हणाल्या, देवळाला धड कडी नाही, चांदी कोण राहू देईल, पत्र्याचा, चांदीचा मुलामा दिलेला बांध आणि हा घरात — नाही. ते सासूबाईंचे शब्दच नव्हेत. इतकी वर्षं त्यांच्या नावावर सांगत आले, त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली, आता किती ढकलू त्यांच्यावर. मीच म्हटलं. मला तो द्यावासाच वाटेना. चोराचं नाव पुढे केलं, आणि चोर कोण होतं? रंगूबाई गुरवीण तेव्हा होती. तिने पत्र्याचा पाळणा तळव्यावर घेतला, जरा वर-खाली केला आणि म्हणाली, "बाय गो, हलका हाय." बस. लगेच दारात बांधला. दोन पावसांत काळा पडला. देवी कोपली का? नाही. ती कशाला कोपेल, पोर तर माझं ठणठणीत वाढलं. पण तेव्हापासून देवळात गेले की माझी नजर त्या पाळण्यावर जाते, देवीच्या तोंडाकडे जातच नाही. निषाद बारा-तेरा वर्षांचा असताना कपाटात त्याला चांदीचा सापडला. मला म्हणाला, आई, म्हणजे माझ्या नावाने तू देवीला डुप्लिकेट दिलंस. हसत म्हणाला. मीही हसले. मीच म्हटलं होतं हे ह्यांना माहीत नाही हं, तूही बोलू नकोस.

आणि खरं सांगू, मला चोराची भीती नाहीच आहे. हे अस्सल नाणं गेलं तर निषाद म्हणेल, पोचलंच नाही आई, मी काय करू — त्याला कारण मिळेल. ती भीती आहे. तुझी नक्कल सोडली तर ती भीती नाही, हरवली की तू दुसरी करशील, तिसरी करशील, मी आयुष्यभर मोबाईल बघत बसेन, नाणं वाटेवर आहे म्हणून. सोय चांगली आहे. पण समजा पोचलीच एखादी, आणि त्याने हातात घेऊन उलटी केली? काय वाचेल तो? आईने याही वेळेला — नाही. नको. एकदा केलंय मी ते.

आण ते निषादचं इकडे. पदरानेच पुसते. कुंकू गेलं बघ, त्या अक्षरांच्या खाचेत जरासं राहिलंय, राहू दे, एवढ्याशाला कुणी भानामती म्हणणार नाही. खण नको, सुपारी नको, दोरा नको. नुसतं जाऊ दे. मला वाईट वाटतंय, हो, वाटतंय, पण माणसं वाईटच असतात असं धरून चाललं तर तो पोरगा तिकडे कुणाच्या भरवशावर राहतोय? कुणीतरी त्याला पहिल्या बर्फात रस्ता दाखवलाच असेल ना. नॉर्वेला जाणारं कुणी ना कुणी सवला येईल. नाही आलं तर मुंबईपर्यंत नेईल. तेवढं तरी.

उद्या साप्ताहिक सुट्टी ना तुझी? मग उद्याच सवला जा. आणि एक ऐक. तुझ्या वहीत अस्सल नाणी आहेत ना, प्लास्टिकच्या खिशांत घालून ठेवलेली? त्यातलं एक काढ. नावडतं नको, ते कसं निवडतात मला चांगलं माहितीये. ज्याच्यावर हात अडखळेल ते घे आणि ह्याच्या शेजारी डबीत ठेव. मी सोडलं तसं तूही सोड. नाही, आता काही बोलू नकोस, कारणं मला सगळी पाठ आहेत. कर एवढं.