उलटा खांब

—तं बसा ना बाई, त्याच्यात काय लाजाचं. गुडघे साऱ्याइचेच जातात. पायरी आताच झाडली मी. चपला तुमच्या हिरव्या पट्ट्याच्या न? हायेत, तिकडं त्या मोठ्या बुटाच्या बाजूले ठेवल्या. तुमचे श्रीधर सर अर्धा घंटा तरी बाहेर येत नाहीत, मले मालूम हाये ना — हा तिसरा इतवार. पहिले चौकटीपाशी उभे राहतात, मंग छत दाखवतात, मंग साऱ्या रिटायर लोकाइले घेऊन डाव्या हातच्या तिसऱ्या खांबापाशी जातात अन् तिथं आवाज खाली करतात. ऐका — केला ना खाली? मले पाठ झालं आता. "पाहा, बाकीच्या अकरा खांबांमधल्या गाठी वरच्या दिशेला झुकलेल्या आहेत, फक्त याच्या खाली. दोनशे वर्षांपूर्वीच्या त्या अनाम कारागिरानं हा खांब मुद्दाम उलटा उभा केला. पूर्णत्व फक्त देवाचं. माणसाच्या कामात एक व्यंग असावं." अन् मंग तुमच्यातल्या त्या मीराबाई डोळ्याले पदर लावतात. मागच्या इतवारी तं खांबाच्या पायाच पडल्या.

मुद्दाम म्हणे! मुद्दाम कोण्ता सुतार खांब उलटा लावते हो बाई? तुम्ही कधी लुगडं मुद्दाम उलटं नेसलं काय? — नाही, हसू नका, मी हसाले नाही सांगून राहिलो. सराइची नजर पक्की हाये, ते मी मानतो. गाठीवरून उलटा खांब ओळखणं शिकल्या माणसाचं काम नाही, ते रंध्यावर जिंदगी काढलेल्या माणसाचं काम, पण त्याइनं ओळखला. पाहिलं बरोबर अन् समजले चूक. शाळेत जास्त शिकलं की असं होत असंल. त्याइले वाटते पहिलेचे लोक सारे संत होते. लाकूड कापणारा बी संत, रंधा मारणारा बी संत. हट्! आमच्यात सांगतात, झाड जंगलात जसं उभं होतं तसाच खांब उभा राहाले पाहिजे — बुंधा खाली, शेंडा वर. उलटा केला का घरातला कर्ता माणूस जाते. म्हणून सागवान डेपोतून आणलं का त्याच दिवशी बुंध्याकडून गेरूचा पट्टा मारतात, हळद-कुंकू लावतात, नारळ फोडतात. पोराच्या कपाळाले टिकली लावावं तसा तो पट्टा. अन् तुमचे सर म्हणतात मुद्दाम.

मले कसं मालूम? मले नाही मालूम होणार तं कोणाले होणार — दोनशे वर्षं कायची, बाई, स्वराज्य आल्याच्या दुसऱ्या सालचा खांब हाये तो. तीस वर्षं झाली. जुन्याले उधळी लागली होती, हात लावला का भुसा पडे. नव्याले तेल पाजून पाजून, समईचं काजळ चोळून बाकीच्याइच्या रंगाले आणला, म्हणून तुमच्या सराइले दोनशे वर्षं दिसतात. खाली कमळ हाये ना, त्याच्या सोळा पाकळ्या — मोजा तुम्ही, बाकीच्या खांबाइच्या बी सोळाच — अन् वर ते केळफूल लटकते, ते साऱ्यात नाजूक याच खांबाचं हाये. माह्या हातचं हाये ते. हो, याच हातचं. आता या हाताले तीनच बोटं उरली, दोन लाकूड चिराच्या आरामशीननं नेली, म्हणून इथं चपला सांभाळत बसलो. पण रुपराव मिस्त्री म्हटलं का महाल-इतवारीच्या मोहल्ल्याइत चौकट न पाहता पसंत करत होते लोक.

मागच्या इतवारी सांगतलं ना सराइले! हात जोडून सांगतलं, म्हटलं साहेब, तो खांब मी केला. तं त्याइनं माह्या खांद्यावर हात ठेवला — कसा ठेवला, आपण बैलाच्या पाठीवर ठेवतो तसा — न म्हणे, "बाबा, तुम्ही कधी दुरुस्ती केली असेल." सारे हसले. वाईट नाही हसले, चांगलंच हसले, तुमच्यातल्या एका साहेबानं मले डब्यातला चिवडा दिला. चिवडा! मी तो गाईपुढं टाकला.

मंग काल शनिवारी प्रताप नगरले गेलतो, तुमचे सर जुन्या देवळाइचं शिकवतात त्या वर्गात. तुम्ही समोर बसल्या असाल, मी मागं भिंतीले उभा होतो, लायब्ररीच्या वरच्या हॉलमध्ये. म्हटलं इथं तं देऊळ नाही, इथं सारे शिकाले बसले हायेत, इथं ऐकतील. दिवे गेले — म्हणजे बंद केले — अन् त्या मशीननं भिंतीवर या खांबाचा फोटो पाडला, आठवते? उलटा पडला होता. कमळ वर अन् केळफूल खाली. सारे ओरडले, "सर, उलटं आहे, उलटं आहे!" अन् सराइनं हसून तो काचेचा तुकडा फिरवला. बाई, त्या एका घडीले मले काय झालं ते कसं सांगू. तीस वर्षांत पहिल्यांदा मी त्या लाकडाले सरळ उभं पाहिलं. बुंधा खाली, शेंडा वर, साऱ्या गाठी आभाळाकडे. नक्षी उलटी होती, पण झाड सरळ होतं. अन् हॉलभर लोक म्हणत होते उलटं हाये. जिन्यावरून उतरलो न सरळ वाडीले गेलो, माह्या बहिणीकडे.

बहीण? तुळसाबाई. मोठी हाये माह्याहून. तिचा नवरा देवाजी — तो खरा मिस्त्री. मले हातात लाकूड तासाचा वाकस पहिल्यांदा त्यानंच देल्ला. या देवळाच्या दुरुस्तीचं काम बी त्याचंच होतं, मी त्याच्या हाताखाली. लाकूड आणलं, गेरूचा पट्टा त्यानंच मारला, नारळ त्यानंच फोडला. अन् मंग भिवापूरले त्याचा काका वारला, निरोप आला, तो तेरवी होईस्तोर तिकडंच राहिला. जाताना म्हणे, "रुप्या, लाकडाले हात नको लावू गा, मी येतो." अन् मले वाटलं, येईस्तोर आपण खांब करून दाखवू. कवापर्यंत हाताखालीच राहाचं? तिशी ओलांडली होती माही. लाकडाची दोन्ही तोंडं फाटली होती उन्हानं, दोन्ही टोकं करवतीनं छाटली मी. एकाच दिवशी. छाटलेले तुकडे कोणीतरी चुलीत घातले, अन् दुसऱ्या दिवशी मी त्या लाकडापाशी उभा, अन् मले समजंना बुंधा कोण्ता. पट्टा गेलता ना! गाठी पाहाच्या तं पाहिल्या, पण लाकूड इतकं साफ, गाठ बारीक-बारीक, आत दबलेली, तेल पाजल्यावर मंग उठून दिसली. मले वाटलं हे टोक जड हाये, म्हणजे हाच बुंधा. ... वाटलं. थांबलो असतो चार रोज तं काय गेलं असतं? नाही थांबलो.

तो आला तवा खांब उभा झालता, छताचा भार बसलता, सकाळी देवाची पुन्हा स्थापना. बारा खांब, साऱ्या लोकाइची तारीफ चालू. देवाजी आला, नुसता हात फिरवला खांबावरून — असा, खालून वर — अन् रंधा मारलेल्या लाकडात त्याले समजलं, जे मले समजलं नव्हतं. मले कोपऱ्यात नेलं, म्हणे, "उलटा हाये गा." म्या त्याचे पाय धरले. काढाचा म्हणजे सारं छत पुन्हा टेकू देऊन उचलाचं, स्थापना मोडाची, अन् रुप्याचं नाव जन्मभराचं जाणार. तो म्हणे, ठीक हाये, नाही बोलत. अन् नाही बोलला. तसा माणूस होता.

दिवाळीच्या आत ट्रस्टी नानाजीचा तरणा लेक तापानं गेला. अन् त्याच महिन्यात इतवारीतला एक बुढा सुतार दर्शनाले आला, त्यानं गाठी पाहिल्या. झालं! इथंच, याच सभामंडपात बोलावलं आम्हा दोघाइले, पन्नास माणूस गोळा. नानाजीचे डोळे लाल. विचारलं, "हा खांब कोणं उभा केला?" अन् देवाजीनं सोताच्या अंगावर घेतलं, बाई. असा माणूस होता तो, सोताहून अंगावर घेतलं...

...काय पाहून राहिल्या? घेतलं म्हणजे... घेतलंच ना. नाकबूल नाही गेला. म्या म्हटलं, "मिस्त्रीनं सांगतलं तसं केलं," अन् तो चूप राहिला. आता चूप राहणं म्हणजे अंगावर घेणंच नाही काय? — हो. म्या म्हटलं. मीच म्हटलं. तो भिवापूरले होता हे मले मालूम, त्याले मालूम, तुळसाले मालूम; बाकीच्याइले काम मिस्त्रीचंच, तो तवा इथं होता का नव्हता ते कोणी ध्यानात ठेवलं नव्हतं. त्यानं माह्याकडे एकदा पाहिलं. रागानं नाही. रागानं पाहिलं असतं तं मी आज झोपलो तरी असतो नीट.

खांब तसाच ठेवला, शांती केली, बामनाइनं जेवण केलं, संपलं. पण देवाजीचा हात अपशकुनी झाला. चौकट नाही, पाळणा नाही, चौरंग नाही. तिरडीचे बांबू कापाले बी कोणी बोलावलं नाही त्याले, इतकं. अन् त्याचं सारं काम कोणाकडे आलं? — हं, समजदार हाये तुम्ही. माह्याकडे. तो वाडीले गेला, ट्रकवाल्याइच्या गोदामात खोकी ठोकाले. असली नक्षी काढणारा माणूस, बाई, फालतू लाकडाच्या खोक्याइले खिळे मारत होता, अकरा वर्षं. छातीच्या रोगानं गेला. मयतीले मी गेलतो, तुळसानं मले खांदा देऊ देल्ला नाही. तवापासून काल पहिल्यांदा तिच्या दारात उभा राहिलो.

काहून गेलतो? खुश होऊन गेलतो! मले वाटलं, तिले सांगू, आता त्या खांबाले लोक हात जोडून राहिले, मोठमोठे शिकलेले लोक मोटारीनं येतात, 'मुद्दाम उलटा' म्हणून पितळेची पाटी लावणार हायेत. डाग धुतला गेला म्हणावं. ती तांदूळ निवडत होती. मी सांगतलं, सराइले म्हटलं का तो खांब माह्या हातचा हाये, पण ते मानत नाहीत. तिनं सूप खाली ठेवलं, म्हणे, "थुंकत होते तवा खांब त्याचा होता. आता पाया पडून राहिले तं तुहा झाला काय रे रुप्या?" पाण्याचं विचारलं नाही. मंग म्हणे, "साऱ्याइच्या समोर म्हटलं होतं ना, तं साऱ्याइच्या समोरच सांग. त्याच मंडपात. त्याचं नाव घेऊन सांग का त्याची चूक नव्हती. मंग ये घरी, तुले जेवाले वाढीन." वाढीन म्हणाली, बाई. पासष्ट वर्षांचा झालो, मागं-पुढं दुसरं कोणी नाही मले. तीच एक हाये, अन् ती सत्तरीले आली.

म्हणून आज दाढी केली, हा धुतलेला सदरा घातला. सकाळपासून घोकून राहिलो. "साहेब, खांब मुद्दाम उलटा नाही. चूक हाये. चूक माही हाये. देवाजी मिस्त्रीचा त्याच्यात काही दोष नव्हता." इतकंच तं हाये. चार वाक्यं. तुम्ही भेटल्या म्हणून तुमच्यापाशी एकदा म्हणून पाहिलं, तोंडात बसतात का नाही ते पाहाले. बसतात ना? अन् पुढच्या इतवारी एकदा ती पितळेची पाटी ठोकली का मंग कोण ऐकते. पितळेपुढं चपलावाल्याचं कोण ऐकते, सांगा.

—नाही, लिहू नका. कागदावर नको. नाव काय लिहिता, थांबा जरा — नका ना बाई, आवाज नका देऊ त्याइले, मी सांगतो ना माहा मी, पहिले त्या बाकीच्याइले मोटारीत बसू द्या, सराइले एकट्याले — साऱ्याइच्या समोरच म्हणाली ती, हो, मले मालूम हाये का म्हणाली — पण अशा एकदम —

या सर, या. नमस्कार. काही नाही, काही नाही सर, या बाई गुडघ्याचं विचारत होत्या, मी म्हटलं निर्गुडीचा पाला बांधा. ... खांब? नाही हो, मी काय सांगणार खांबाचं. ते मागच्या वेळी आपलं असंच म्हटलं होतं, बुढा झालो, काहीबाही आठवते. तुम्ही म्हणता तसंच सर, जुनाच हाये. दोनशे वर्षांचा. मुद्दामच लावला असंल, हो, त्या वक्ताचे लोकच तसे. ... देवाजी? कोण देवाजी? या बाई कोण्तं नाव घेऊन राहिल्या, मले नाही मालूम सर.

घ्या बाई, या तुमच्या हिरव्या. नाही, पैसे नको. जा तुम्ही, मेटॅडोर सुरू झाली. जा म्हणतो ना.