बोथट सुईचं खरं नाव

…आणि वर म्हणतात, नाव सांगायला काय जातं! अहो, जीव जातो! तुम्हाला सांगतो, मी शिलाई मशिनं दुरुस्त करतो, नववीत शाळा सोडली, आणि माझं पूर्ण नाव ज्यांनी ज्यांनी मोठ्यानं वाचलं ना, त्यांच्या तोंडून पुढचा शब्द एकच आला… नापास! म्हणून ते नाव मी घडी घालून ठेवून दिलं होतं. घरी मी बारक्या, दुकानात मिस्त्रींचा 'अरे ए', कुठं काही अडलं नाही.

अडलं ते ताईच्या भरतकामाच्या मशिनापाशी. जुनं मशीन, कंपनीनं केव्हाच वाऱ्यावर सोडलेलं. संगणकावरून भरतकाम करायचं एक सॉफ्टवेअर आहे, जगभरच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही वापरा, कुणीही सुधारा! पण ते ताईच्या मशिनाला ओळखच देईना. मग मी बसलो… वर्षभर चुकत-माकत शिकलो, जुन्या मशिनांसाठी एक भाग लिहिला आणि दिला पाठवून. खाली नाव काय घालू? समोर डबीत पडली होती, तीच घातली… बोथट सुई. आणि घेतलं की हो त्यांनी! चार वर्षं ताईचं घर त्यावर चाललंय.

आणि मग निघाला नियम. टोपणनावं बंद! महिनाअखेरपर्यंत खरं नाव कळवा, नाहीतर तुमचा भाग पुढच्या आवृत्तीतून बाहेर.

ताई म्हणाली, "अरे, नाव सांगायला काय जातं? मशीन बंद पडलं तर तुझ्या लाजेवर कशिदा काढू का मी?"

मिस्त्री म्हणाले, "सांगून टाक रे. फार तर हसतील."

तेच तर! तिथं सगळे मोठमोठे इंजिनियर, आणि त्यांच्यात मी नववी… पण ताईचं तोंड बघितलं, डोळे मिटले आणि धाडकन पूर्ण नावानं नवं खातं काढून कळवलं, तो भाग माझा. लगेच त्या प्रकल्पाचा कारभार बघणाऱ्या बाईंचं उत्तर, "आपण कोण? हे काम आमच्या बोथट सुईचं आहे. दुसऱ्याच्या कामावर आपलं नाव लावताना काही वाटलं नाही?"

घ्या! माझ्याच कामाचा मी चोर!

म्हटलं, साक्षीदार आणू. जुन्या नावानं आत शिरलो आणि लिहिलं, "मी या मुलाला ओळखतो. स्वभावानं चांगला आहे." झालं! चाळीस माणसं धावून आली की हो! "सुई, तुला कुणी धमकावतंय का?" "सुई, घाबरू नकोस, आम्ही आहोत!" एक आजोबा तर लिहितात, "त्या भामट्याचा पत्ता दे, मी बघतो!" आता माझा पत्ता मीच कसा देऊ?

शेवटी लिहिलं, अहो, तो भामटा मीच! तेव्हा बाईंनी विचारलं, "तुम्हीच सुई असाल तर सांगा, त्या भागात दर तिसऱ्या टाक्यानंतर मशीन क्षणभर थांबतं, ते का? चार वर्षं आम्हाला कळलेलं नाही, पण काढायचंही धाडस झालं नाही."

आता काय लपवायचं? सगळं लिहिलं. ताईच्या मशिनाच्या चक्राचा एक दात तुटलाय, तिसऱ्या टाक्याला ते अडखळतं, नवं चक्र मिळत नाही, म्हणून त्याला दम खायला थांबवतो. आणि हेही लिहिलं, की मी नववीतून शाळा सोडलेला आहे, हसायचं तर हसा.

कुणी हसलं नाही हो. ते आजोबा म्हणाले, "माझ्याही मशिनाचा दात तुटलाय. आत्ता कळलं ते का चालतंय." आणि बाईंनी दोन दिवसांत नियम बदलला. ज्या नावानं तुमचं काम ओळखतात, ते नाव पुरे. खाली लिहिलं, "सुई, चूक आमची होती." मला? चूक आमची, असं मला? तुम्हाला सांगतो, मी पाना घेऊन उगीच दहा मिनिटं एकच नट पिळत बसलो. मिस्त्रींनी पंखा माझ्याकडे वळवला. इतकी माणसं आपली असतात आणि आपल्याला पत्ता नसतो!

ताईला तर भरूनच आलं. म्हणाली, "तुझं पूर्ण नाव तुझ्या खिशावर भरणार, त्याच मशिनावर, आणि पुढं नापास नाही लिहिणार!" रविवारी सकाळी बसली. मशीन तीन टाके घालतं, दम खातं… तीन टाके, दम… दिवस मावळला.

आणि लोक म्हणतात, नाव सांगायला काय जातं! ताईचा अख्खा रविवार गेला, आणि आडनाव अजून बाकीच आहे!