शालनताईंची लाल बादली

आजच्या समारंभाच्या अध्यक्ष आणि आमच्या अधिष्ठाता डॉ. नीरजाताई सबनीस, व्यासपीठावरचे सगळे मान्यवर, हातातलं काम अर्धं टाकून आलेल्या परिचारिका भगिनी, वॉर्डातले मामा आणि मावशा, डोंबिवली-कल्याणपासून थेट खडवलीपर्यंतचे आमचे रुग्ण आणि त्यांच्या घरची मंडळी, आणि ज्यांच्यासाठी हा सगळा थाट आहे, तरीही ज्या खुर्चीच्या अगदी टोकाला अवघडून बसल्या आहेत त्या सत्कारमूर्ती शालनताई परब, सर्वांना या हरिहर वैशंपायनचा नमस्कार.

ताई, जरा मागे सरकून बसा. आज तुम्हाला कोणी उठवणार नाही.

सूत्रसंचालन करणाऱ्या ऐश्वर्याने मला दहा मिनिटं दिली आहेत. माझी ख्याती तिच्या कानावर आहे, म्हणून ती मनगटावरचं घड्याळ माझ्याकडे वळवून बसली आहे. बेटा, तू चिठ्ठी पाठवशील आणि मी ती खिशात टाकीन, हे आत्ताच सांगून ठेवतो.

निमंत्रण पत्रिकेत ताईंचा हुद्दा छापला आहे, 'मज्जातंतू वहन तपासणी तंत्रज्ञ'. हे वाचून त्यांच्या शेजारणीने विचारलं म्हणे, "अगं, तू नक्की करतेस तरी काय?" तर सांगतो. हातापायाला बारीकसा विजेचा झटका द्यायचा आणि तो नसेतून किती वेगाने धावतो ते यंत्रावर मोजायचं. एकतीस वर्षं ताईंनी हेच केलं. झटका देताना "मुंगी चावल्यासारखं होईल हं" म्हणायचं, आणि पेशंट ओरडला की "मोठी मुंगी होती" म्हणायचं.

आमच्या विभागात मुख्यतः दोन तऱ्हेच्या आजारांवर संशोधन चालतं. एक वारशाने येणारा. नसांवरचं आवरण जन्मापासूनच कच्चं, आणि हे घराण्यातून चालत आलेलं. त्याला आज तरी आमच्याकडे व्यायाम, पायाला आधार देणारे पट्टे आणि धीर याखेरीज फारसं काही नाही. दुसरा सुजेचा. तिथे कुंपणच शेत खातं. शरीराचं रक्षण करणारी यंत्रणाच उलटून नसांवर हल्ला करते. त्याला मात्र औषध आहे, आणि ते वेळेवर मिळालं तर आडवा पडलेला माणूस उठून चालतो. घोळ असा, की बाहेरून दोघांचेही पाय सारखेच लुळे दिसतात.

मी पडलो वारसावाला. पेशंट आला की आधी कागद ओढायचा आणि वंशावळ काढायची. पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ, आजारी असेल तर आत शाई भरायची. माझे विद्यार्थी मला पाठीमागे 'भाट' म्हणतात. मला सगळं कळतं.

आणि ताईंचं शास्त्र होतं एका लाल बादलीत. गार पडलेल्या पायात नस मंद चालते, चांगल्या माणसाचीही. म्हणून तपासणीआधी पाय कोमट पाण्यात बुडवायचे, टॉवेलने पुसायचे, हात लावून बघायचे आणि मगच तारा जोडायच्या. एका पेशंटला अर्धा तास. बाहेर रांग, आत बादली! मी त्या खोलीला 'शालनताईंचं न्हाणीघर' म्हणायचो. भर मीटिंगमध्ये म्हणायचो. त्या हसायच्या आणि पाणी बदलायला जायच्या.

आता जे सांगणार आहे ते सांगायची परवानगी मी ज्यांची त्यांच्याकडून घेतली आहे. ते दोघं तिसऱ्या रांगेत बसले आहेत.

बारा वर्षांपूर्वी, डिसेंबरात, खडवलीहून एक कुटुंब आलं. वडील पंढरी, माजिवड्याला एका सोसायटीत वॉचमन. आई गोदूबाई. मुलगा सहदेव, चौतिशीचा, डोंबिवलीत वायरमन. चार महिन्यांत त्याच्या हातातून पक्कड सुटायला लागली होती, आणि शिडीवर चढणं तर सोडाच, पायात चप्पल राहत नव्हती. मी सहदेवकडे बघण्याआधी पंढरीकडे बघितलं. पोटऱ्या बारीक, तळव्याची कमान उंच, गुडघे उचलून टाकलेलं पाऊल. वारशाचा आजार दारातून चालत आला होता. विचारलं तर त्यांची आईही तशीच चालायची. तीन पिढ्या! मी कागद ओढला.

ताई तेव्हा रजेवर होत्या. त्यांच्या लेकीचं, अक्षदाचं लग्न होतं. म्हटलं, त्यात काय, तपासणी मीच करतो. एसी जोरात, फरशी गार, बादली कपाटावर. दहा मिनिटांत उरकलं. सगळ्या नसा सारख्याच मंद. वारशाच्या आजारात अगदी असंच दिसतं. मला पाहिजे होतं तेच यंत्राने दाखवलं, मग मी दुसरं कशाला बघू?

मी त्यांना समोर बसवून सांगितलं, हा आजार वडिलांकडून आला आहे, यावर औषध नाही. पंढरींच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. मला वाटलं, बापाला अपराधी वाटत असणार. म्हटलं, "मामा, तुमचा काही दोष नाही यात."

ते म्हणाले, "दोष कसला, डॉक्टर. पण ते जरा लिहून देता का? माझ्याकडून आलंय म्हणून?"

मी लिहून दिलं. त्यांनी कागदाची चौघडी करून शर्टाच्या आतल्या खिशात ठेवली. मला जरा नवल वाटलं, आणि मी पुढचा पेशंट बोलावला.

आठ महिन्यांनी ते परत आले. सहदेव आता दोघांच्या आधाराने चालत होता. मी त्यांना ताईंकडे फक्त पट्ट्यांची मापं द्यायला पाठवलं होतं. ताईंनी त्याच्या पायाला हात लावला आणि कोणी न सांगता बादली काढली. गरम पाणी आणायला त्या पँट्रीत गेल्या, तेव्हा गोदूबाई त्यांच्या मागोमाग गेल्या. तिथे काय बोलणं झालं ते मला अकरा वर्षं माहीत नव्हतं. ताई परत आल्या, पूर्ण तपासणी केली आणि आलेख आणून माझ्या टेबलावर ठेवले.

"ही तपासणी कोणी सांगितली तुम्हाला?"

"कोणी नाही, सर."

"मग?"

"पाय गार होते त्याचे. मागच्या वेळेला मी नव्हते ना. तेव्हापण गारच असतील." मग त्यांनी आलेखावर बोट ठेवलं. "अख्ख्या घरात दिवे मंद जळत असतील तर गोष्ट वेगळी, सर. इथे एकाच खोलीत अंधार आहे."

म्हणजे काय, तर सगळ्या नसा सारख्या मंद नव्हत्या. काही ठीक धावत होत्या, आणि डाव्या हातातली एक मध्येच अडत होती. हे सुजेचं लक्षण. हे मला कळायला हवं होतं. पण पुढच्या आठवड्यात परिषदेत मी हेच कुटुंब मांडणार होतो, तीन पिढ्या, छान रंगीत चौकोन! माझा पारा चढला. मी म्हणालो, "उद्यापासून वर्गात शिकवायला तुम्हीच येत जा. ही वंशावळ दिसत नाही का तुम्हाला?"

ताई शांतपणे म्हणाल्या, "वंशावळ राहू द्या, सर. आज पाय गरम आहेत."

आणि गेल्या. मी डबा उघडला आणि तसाच मिटला. शेवटी माझा जुना रिपोर्ट काढला. आमच्या छापील कागदावर खाली एक चौकट असते, 'त्वचेचं तापमान'. ताईंच्या प्रत्येक कागदावर तिथे आकडा असतो. माझ्या कागदावर ती कोरी होती, आणि खाली माझी ऐटदार सही.

मी उठलो आणि त्या खोलीत जाऊन म्हणालो, "ताई, बादली भरा." पुन्हा सगळं केलं, यावेळी दोघांनी मिळून. मग पाठीतलं पाणी तपासलं, औषधं सुरू केली. दीड महिन्यात सहदेवने पक्कड धरली. चौथ्या महिन्यात त्याने आमच्याच विभागाचा बंद पडलेला पंखा स्टुलावर चढून दुरुस्त केला. ताई खाली स्टूल धरून उभ्या होत्या आणि त्याला रागावत होत्या.

पुढे रक्ताची जनुकीय तपासणी झाली. पंढरींना वारशाचा आजार होता, सहदेवला नव्हता. मला काही वावगं वाटलं नाही. असा आजार निम्म्या मुलांना येतच नाही, आम्ही शिकवतोच तसं.

गेल्या वर्षी पंढरीमामा गेले. त्यांच्या ट्रंकेत सहदेवला माझ्या अक्षरातला तो कागद सापडला, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. त्याने आईला विचारलं, "आये, हा आजार मला नव्हताच. मग बाबांनी हे कशाला ठेवलं?"

तेव्हा गोदूबाईंनी सांगितलं. सहदेव त्यांच्या बहिणीचा. एकवीस दिवसांचा असताना ओटीत घेतलेला. पंढरींनी देवापुढे शपथ घातली होती, की हे पोराला कधी कळू द्यायचं नाही. आणि एके दिवशी एका मोठ्या डॉक्टरने सांगितलं, की हा आजार तुमच्याकडूनच आलाय. चौतीस वर्षांत पहिल्यांदा कोणीतरी शिक्क्यानिशी लिहून दिलं होतं, की हा मुलगा तुमचा. ते रडले ते आनंदाने. त्या कागदापायी आपल्या मुलाचं औषध अडलंय, हे त्या भल्या माणसाला कुठून कळणार? आणि ज्याला कळायला हवं होतं, तो चौकोनात शाई भरत होता.

पँट्रीत गोदूबाईंनी ताईंना हेच सांगितलं होतं. "ताई, ह्यांचं दुखणं त्याला लागेलच कसं? पण कोणाला बोलू नका, माझं घर मोडेल." मला खरं सांगितलं असतं तर माझी समजूत एका वाक्यात पटली असती. ताईंनी ते वाक्य गिळलं. माझं वाट्टेल तसं बोलणं ऐकून घेतलं, आणि मला पटवायला फक्त गार पाय पुढे केले. पोराचे पाय वाचवले आणि त्याचा बापही राखला.

गेल्या महिन्यात गोदूबाईंकडून हे कळल्यावर मी विचारलं, "ताई, तुम्हाला माहीत होतं?"

त्या म्हणाल्या, "सर, मला काय, पायांचं तेवढं कळतं."

ताई, मला तुमचा फार अभिमान वाटतो, आणि थोडा हेवाही. हे मी एकतीस वर्षांत एकदाही बोललो नाही. न्हाणीघर मात्र शंभरदा म्हणालो.

ऐश्वर्याची चिठ्ठी आली. खिशात टाकली.

अध्यक्षांनी बोलू दिलं, आपण सर्वांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल मी ऋणी आहे. बोलण्यात अधिकउणं झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणून खाली बसायची रीत आहे. मला तेवढ्यावर बसता येत नाही. सहदेव, औषध आठ महिने उशिरा सुरू झालं म्हणून तुझ्या डाव्या पायाचा अंगठा आजही पुरता उचलला जात नाही. ते आठ महिने माझ्या चुकीचे आहेत. इतक्या लोकांसमोर मी तुझी आणि गोदूबाईंची क्षमा मागतो.

आता एक विनंती. ताईंना शाल मी घालणार नाही. सहदेव, ये बाबा, तू घाल. तीन पायऱ्या आहेत, कठडा नाहीये, सावकाश ये.

बघा, बघा मंडळी. शाल आली, श्रीफळ आलं, फोटोवाला समोर उभा आहे, आणि आमच्या सत्कारमूर्ती खाली वाकून त्याच्या पायांकडे बघतायत.

चढला, ताई. वर बघा आता.