उजवी आणि डावी

सदाशिव पेठेतल्या हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी मायलेकी बसल्या होत्या. आईचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता.

“नम्रता, रविवारच्या कार्यक्रमात माझ्याऐवजी दुसरं कुणी पियानो वाजवेल.”

“तूच वाजवायचंस, आई. त्या तिन्ही छोट्या रचनांमधली उजव्या हाताची सुरावट मी माझ्या चेलोला दिली. ही बघ, कॉम्प्युटरवर छापून आणली.”

“मग मला काय उरलं?”

“डावा हात.”

“म्हणजे तू उजवी आणि मी डावी!”

“वाजवून तर बघ.”

आईची डावी बोटं पर्सवर फिरू लागली. लेक हलकेच गुणगुणू लागली.

“अगं, छान बसतंय की! पण इथे पळू नकोस. मी तुझ्यामागे धावणार नाही.”

नर्स दारातून डोकावली. “काकू, चला, डॉक्टर बोलावताहेत.”

“थांबा हो, दोन ओळी राहिल्यात.”