विहीणबाईंची कुंडी

पनवेलला उरणच्या एस्टीच्या रांगेत तुळशीरामच्या पुढं दोघी बाया उभ्या. चंद्रावतीच्या कडेवर लेकरासारखी कुंडी. कुंडीत मातीऐवजी कोळसे आणि वर जांभळ्या फुलांचं झाड.

"अगो चंद्रावती, ह्यं तं बांडगूळ!"

"बांडगूळ नाय गो शकू, आर्किड! आज पोरीला बघायला पाव्हनं येतान. ओटीवर मांडीन."

"कोनी दिलं?"

"व्हनाऱ्या विहीनबायनं."

"म्हंजे पाव्हन्यांचीच कुंडी पाव्हन्यांना दाखवनार?"

"तीच बोलली, ने. पोराच्या मामाला आर्किडवाल्यांचंच घर पायजे."

"मामा वळखंल ना!"

"वळखू दे. बोलंल, दोनी घरानी जुळतात."

फुलांना धक्का लागू नये म्हणून तुळशीराम अदबीनं मागं सरला.

"पन विहीनबायला कुठं गावलं?"

"आमच्याच आंब्यावरनं नेलं. तवा बांडगूळ व्हतं."