काचेआडचं ऊन

हृदयाच्या तपासणीची खोली. बाहेरच्या बाकावर माझ्या शेजारी बापलेक बसले होते. लेकाची आई आत होती.

"बाबा, आईचं व्हिटॅमिन डी सहा आलंय. निदान वीस तरी हवं."

"सहा कसं येईल? रोज सकाळी दोन तास उन्हात बसते. खुर्ची मी स्वतः लावून देतो."

"कुठे लावता?"

"गॅलरीत, आणखी कुठे? चार जिने उतरून खाली कशी जाणार? धाप लागते तिला."

"पण गॅलरी तुम्ही बंद केलीत ना?"

"झाली की आठ वर्षं. तिला वारा बाधतो म्हणून. जन्मभर लोकांच्या खिडक्यांना काचा बसवल्या, म्हटलं एकदा घरच्याही बसवू. एक फट सापडायची नाही तुला."

"डॉक्टर म्हणाले, काचेतून नुसती ऊब येते. व्हिटॅमिन डी तयार होतं ते ऊन काचेतच अडतं."

"मला कुणी बोललं नाही."

"मलाही आजच कळलं."

"आणि हृदय? तेही त्यामुळेच बिघडलं?"

"ते छातीठोकपणे सांगता येत नाही म्हणाले. संबंध असेल, नसेलही."

"नसेल म्हणाले ना?"

"हो, बाबा."

"पण असेल, असंही म्हणाले."

लेकाने रिपोर्ट घडी करून खिशात ठेवला.

"तिला सांगू नकोस. भारी कौतुक आहे तिला त्या काचांचं. येईल त्याला दाखवते."

दार उघडलं. भिंतीला धरत आई बाहेर आली.

"अहो, उठा की. चला लवकर, गॅलरीतलं ऊन जाईल माझं."