दही-साखर आणि अठ्ठ्याण्णवची हार

...अन् वरून मलाच म्हणतात, "गणपतराव, तुम्ही फार खोलात जाता!" आता तुम्हीच सांगा, खोलात जाऊ नको तर काय करू? पस्तीस वर्षं झाली, रोज डायरी लिहून राहिलो मी. दहावीनंतर शाळा सुटली, इथं जबलपुरात बडा फुहाऱ्याच्या चौकात कापडाच्या दुकानात लागलो, दिवसभर मीटरपट्टी हातात... माणसाला मोजायची सवयच लागते हो, ती काय दुकानाचं शटर पाडल्यावर सुटते? घरी येतो अन् दिवस मोजतो. कोण आलं, किती वाजता आलं, काय बोललं. अंदाजपंचे काही नाही. लिहून ठेवलंय मी.

तर आमचे भय्यासाहेब. आमदार. आठ निवडणुका लढले, सात जिंकले, एक हरले. नव्वद साली पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा सायकलवर यायचे, त्र्याण्णवला स्कूटर, पुढे जीप, अन् आता जी गाडी आहे ती आमच्या दीक्षितपुऱ्याच्या गल्लीत शिरतच नाही, म्हणून पुन्हा पायीच येतात... म्हणजे पस्तीस वर्षांत माणूस फिरून तिथंच आला की नाही? मध्ये अकरा महिने राज्यमंत्री होते. अकरा महिने चार दिवस. आमच्या दारासमोरच्या नालीवर फरशी टाकून देतो असं आठ वेळा म्हणाले, आठही तारखा आहेत माझ्याकडे, फरशी नाही. पण माझी तक्रार नाही. मी तक्रार लिहीत नाही, मी तारीख लिहितो.

अन् ह्या आठही वेळा फॉर्म भरायला निघाले की आधी आमच्या घरी! काहून? तर माझी आई, चंपाबाई. नव्वद साली फॉर्म भरायला निघालेल्या ह्या अनोळखी माणसाला आईनं ओट्यावरून हाक मारली, "ए बापा, रिकाम्या तोंडानं नको जाऊ," अन् चमचाभर दही-साखर हातावर ठेवली. सहाशे बारा मतांनी निवडून आले! झालं. तेव्हापासून चंपाबाईंच्या हातचं दही खाल्ल्याशिवाय भय्यासाहेब फॉर्म भरत नाहीत. सभेत पहिल्या रांगेत आईची खुर्ची, गळ्यात हार, माइकवरून "माताजी का आशीर्वाद"... आई आता चौऱ्याऐंशीची आहे, गुडघे गेले, पण सभा म्हटली की दोन तास आधीपासून नेसून बसते.

आता ऐका पुढे. भय्यासाहेबांना पंचाहत्तर पूर्ण होऊन राहिले, तर अमृत महोत्सव, अन् त्यात स्मारिका. त्यांचा कार्यकर्ता आलोक, तोच सगळं ऑफिस बघतो, तो दुकानात आला. "चाचाजी, पूरे जबलपुर में भैयाजी का हिसाब आपसे अच्छा किसके पास है? आप तारीखें दीजिए, हम आपका नाम छापेंगे. 'संकलन : श्री गणपत मुरलीधर ढोके.' मोटे अक्षरों में!"

तुम्हाला सांगतो, हातातली मीटरपट्टी खाली पडली माझ्या. पस्तीस वर्षं लिहिलं, कोणी एक पान मागितलं नाही! बायको, शैलजा, ती तर डायऱ्यांच्या थप्पीवर लोणच्याची बरणी ठेवते. आणि आज माझं नाव... छापून? मी आठ दिवस सुट्टी टाकली. एकेक निवडणूक काढली. वार, तारीख, वेळ, मतं, हार किती, नारळ किती. नव्वद पानं झाली. दिली नेऊन.

पंधरा दिवसांनी आलोक छापायच्या आधीचा कागद घेऊन घरी आला. मी वाचतो, वाचतो... अन् अठ्ठ्याण्णवपाशी येऊन थांबलो. काय लिहिलं होतं? "सन १९९८ में भैयाजी किसी कारणवश माताजी के हाथ का दही न ले सके. परिणाम, जीवन की एकमात्र पराजय."

मी म्हटलं, "आलोक भैया, हे चूक आहे. ते आले होते."

"अरे चाचाजी, सब यही कहते हैं."

"सब काहीही म्हणोत. माझ्याकडे आहे. नऊ नोव्हेंबर, सोमवार. 'थंडी कडक. पहाटे स्वेटर काढला. भय्यासाहेब सव्वानऊला आले. दही-साखर दोन चमचे खाल्ली, तिसरा मागून घेतला.' तीन चमचे खाऊन पडले ते! आणि हे बघा, दोन हजार तेरा, आई आणि शैलजा नागपूरला, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. मी एकटा घरी. 'दही नाही. भय्यासाहेबांना चहा दिला, बिनदुधाचा.' अन् त्या साली किती मतांनी आले? एकवीस हजार तीनशे चाळीस! सगळ्यात जास्त! लिहून ठेवलंय मी!"

आलोकनं कागद माझ्या हातातून काढून घेतला. मग हळूच म्हणाला, "चाचाजी... इतना तो चलता है."

कापड मोजताना 'इतना तो चलता है' म्हटलं तर गिऱ्हाईक अख्खा तागा डोक्यात घालेल! मी म्हटलं, "खरं छापा, नाहीतर माझं नाव काढा." असं म्हटलं खरं... अन् तो ओटा उतरत नाही तोच वाटलं, मागे बोलवावं. नाव काढलं तर? पस्तीस वर्षांत एकदा नाव येणार होतं हो!

तेवढ्यात मागून आवाज. आई. दारात काठी घेऊन उभी, सगळं ऐकलेलं.

"म्हणजे माह्या दह्यात काही नाही?"

"आई, मी असं कुठं म्हटलं..."

"तूच म्हटलं. दही खाल्लं तर पडला, चहा प्याला तर जिंकला. मग उद्यापासून चहाचीच खुर्ची मांडा म्हणा पहिल्या रांगेत!"

तीन दिवस बोलली नाही. शैलजा म्हणते, "तुम्हाला म्हातारीची एक खुर्ची बघवेना?" मी म्हटलं, खुर्चीचं नाही गं, तारखेचं आहे. ती म्हणते, "तारीख सभेत हार घालून घेते का?" पोह्यांत शेंगदाणे बंद. लिहून ठेवलंय मी, तीन दिवस, बिनशेंगदाण्याचे.

चौथ्या दिवशी सकाळी साडेदहाला साक्षात भय्यासाहेब! आता वय झालं, आमची नाली ओलांडायला दोघांनी धरलं. ओलांडता ओलांडता म्हणाले, "गणपत, ह्यावर फरशी टाकून देऊ." नववी वेळ. मी मनातल्या मनात तारीख टिपली.

आत येऊन आईच्या पाया पडले, खुर्चीवर टेकले, अन् मला म्हणाले, "गणपत, मी खरंच आलो होतो का रे अठ्ठ्याण्णवला? मलाही आठवत नाही. सत्तावीस वर्षं मी सभेत सांगून राहिलो की नव्हतो आलो."

मी डायरी उघडून पुढ्यात ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाचलं. दोनदा. चेहरा असा पडला, अहो, जसा काल निकाल लागला! "म्हणजे... आईच्या हातचं खाऊनही पडलो मी?" पंचाहत्तर वर्षांचा माणूस, पुढच्या वेळी तिकीट मिळतं की नाही ह्याची रोज धाकधूक, त्याच्याजवळ भरवशाची म्हणून एकच गोष्ट होती, ती मी काढून घेतली. मला वाईट वाटलं. खोटं नाही सांगत. वाटलं, मिटावी डायरी, म्हणावं चुकून लिहिलं.

तोच आई म्हणाली, "वाच रे पुन्हा. पहिली ओळ."

"थंडी कडक. पहाटे स्वेटर काढला."

"कडक थंडीत दही लागते काय?"

मी पुन्हा त्याच ओळीवर बोट ठेवलं.

"नव्हतंच लागलं त्या दिवशी. पातेलं उघडलं तं दूधच. मग दही आलं कुठून?" काठी माझ्याकडे वळली. "कमानिया गेटच्या दुकानातून. अन् आणलं कोणं? तू! सायकलनं! धावतपळत! ते नाही लिहिलं काहून?"

तुम्हाला सांगतो, मी पान उलटलं, पुन्हा उलटलं, मागचं बघितलं, पुढचं बघितलं... नव्हतं. मला तर आता सगळं आठवत होतं, मातीचं कुल्हड, हँडलला लटकवलेली पिशवी... पण लिहिलेलं नव्हतं!

भय्यासाहेब खुर्चीत सरळ झाले. "अन् तेरा साली, आई? तेव्हा तर चहाच..."

"नागपूरले जाताना विनताले विरजण देऊन गेली होती मी." विनता म्हणजे भय्यासाहेबांची बायको. "इचार तिले. तुह्या घरी दही माह्याच विरजणाचं लागलं होतं."

"खाल्लं होतं!" भय्यासाहेब उठूनच उभे राहिले. "घरून निघताना विनतानं बळेच चमचाभर दिलं होतं! आई... विरजण! मला इतक्या वर्षांत कोणी सांगितलंच नाही!" अन् पुन्हा पाया पडले, ह्या वेळी डोळे पुसत. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "गणपत, तू म्हणतोस तेच बरोबर. खरं तेच छापू. पूर्ण खरं."

अन् छापलं हो! शब्दाचे पक्के निघाले, फरशी सोडून. गेल्या रविवारी समारंभ झाला, आई पहिल्या रांगेत, हातात स्मारिका. मी तिच्याकडून घेऊन उघडली. संकलनाच्या जागी कोणाचं नाव? आलोकचं. म्हटलं, असो. मग पान सत्तावीस. मोठ्या अक्षरांत. "सन १९९८ की पराजय का असली कारण : उस दिन भैयाजी को बाज़ार का दही खिलाया गया, जिसे लाए थे श्री गणपत मुरलीधर ढोके."

तीन हजार प्रती! दुकानात गिऱ्हाईक कापड बघायचं सोडून मलाच बघते. "भैया, वो दही वाले आप ही हैं?" होय बापा, मीच. काय करणार, तारीख बरोबर आहे, नाव बरोबर आहे, काना-मात्रेची चूक नाही... तक्रार करायची तरी कशावर?

आता एवढंच केलंय. रोज डायरीत तारीख लिहितो, अन् तिच्या खाली, दुसरं काहीही लिहायच्या आधी, एक ओळ.

"दही : घरचं."